तुमचा सराव काकांच्या गुडघ्याला का झेपला नाही?

पत्र (थोडक्यात): वय 33. अकरा वर्षं मिडफिल्डला खेळलो, शेवटची चार गोवा आणि कोलकात्याच्या क्लबांकडून. डाव्या गुडघ्याच्या एसीएलचं (आतल्या अस्थिबंधाचं) ऑपरेशन झालं, मैदानात परतलो, पण वेग गेला तो गेलाच. आता दांडिया बाजारात घरी आहे. बी.कॉम. झालंय, हाताशी सहा लाख आहेत. एक मित्र गोत्रीतल्या जिममध्ये भागीदारी देतोय, त्याच्या हिशोबाचा कागद सोबत जोडतो. अलकापुरीतल्या एका जिमने पंधरा हजारांवर फ्लोअर ट्रेनर म्हणून बोलावलंय. मधले दोन महिने पोलो ग्राउंडवर सकाळी पाच जणांना शिकवलं: मैदानाला चार फेऱ्या, तीस स्क्वॉट जंप, दहा स्प्रिंट, शेवटी प्लँक. दोघं पहिल्या आठवड्यातच गळाले. एका काकांचा (वय 52, वजन 84) गुडघा तिसऱ्या आठवड्यात सुजला. चौदा-पंधरा वर्षांची दोन मुलं मात्र रोज येतात. नाव ऐकून लोक येतात, पण टिकत नाहीत. जिम काढू का? कोर्स कोणता करू? – एक माजी मिडफिल्डर, बडोदे

भागीदारीचं पुढे बघू. आधी काकांचा गुडघा, कारण तुमचा धंदा चालणार की नाही ते तिथेच ठरतंय.

तुम्ही दिलेला सराव तुमच्या मानाने हलकाच होता. अडचण अशी की उडी मारून खाली येताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि तुमच्या गुडघ्याला ही सवय शाळेत असल्यापासून आहे. काकांच्या गुडघ्याने शेवटची उडी कदाचित कॉलेजात मारली असेल. शिवाय स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) एका चालीने तयार होत नाहीत. नवा माणूस व्यायामाला लागला की दोन-तीन आठवड्यांत त्याला जोर आल्यासारखा वाटतो. तो बराचसा मेंदू आणि नसांनी स्नायूला नीट कामाला लावल्याचा परिणाम असतो. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घट्ट व्हायला दोन-तीन महिने जातात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात माणूस खुशीत येऊन जोरात उड्या मारतो आणि कंडरा अजून पहिल्याच आठवड्यात असते. दुखणी नेमकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उगवतात ती यामुळे.

पण दुखणं वेगळं आणि सूज वेगळी. सांधा सुजला म्हणजे आत पाणी धरलंय, आणि 52 व्या वर्षी त्यामागे गादी फाटण्यापासून झिजेपर्यंत काहीही असू शकतं. तिथे तुमचं काम संपतं, काकांना हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा. हाच नियम आणखी काही बाबतींत पाळा: गुडघा मध्येच अडकणं, चालताना दगा देणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, एकाच पोटरीला आलेली सूज, छातीत दडपण. स्वतःच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला गुडघ्याचं बरंच कळतं, म्हणूनच स्वतः उपचार करायचा मोह तुम्हाला जास्त होईल. दुखापतीनंतरचे उपचार फिजिओथेरपिस्टचे. त्यांनी लेखी सोडलं की पुढचा माणूस तुमचा.

गळालेल्या दोघांचं कारण साधं आहे. सवय नसलेल्या माणसाचं अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं की चौथ्या दिवशी गजर वाजला तरी तो उठत नाही.

आता पद्धत बदला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी व्यायाम देऊच नका, चाळीस मिनिटं बसून बोला. पार-क्यू ही तब्येतीविषयीच्या सात प्रश्नांची छोटी यादी भरून घ्या, सही घ्या. रक्तदाब मोजा. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र पुरतं, पण माणूस पाच मिनिटं शांत बसल्यावरच. 140/90 च्या वर आला तर डॉक्टरांना दाखवून या म्हणावं, 180/110 च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाहीच. गोळ्या कोणत्या चालू आहेत ते नावासकट लिहून घ्या. मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याची नाडी व्यायामातही फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरचा आकडा बघून त्याला पळवाल तर फसाल. त्याच्याशी बोलत राहा; पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर आधी मोजायला लावा. 90 च्या खाली असेल तर निदान 15 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेल्याशिवाय सुरुवात नको. खिशात ग्लुकोजची पुडी तुमच्याही आणि त्याच्याही.

काकांच्या वयाच्या माणसाला आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. हालचाली पाचच: 45 सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर बसून उठणं, 8 ते 12 किलोचं केटलबेल (मूठ असलेलं वजन) घेऊन, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं, ओट्याच्या उंचीच्या कट्ट्यावर हात टेकून जोर, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, दोन्ही हातांत वजन घेऊन वीस-तीस मीटर चालणं. प्रत्येकी दोन सेट, 8 ते 10 वेळा, आणि सेट थांबवायचा तो अजून तीन वेळा सहज जमलं असतं तेव्हा. नेमकं हे माजी खेळाडूला जमत नाही. समोरचा घामाघूम झाला नाही तर काम झालं नाही असं त्याला वाटत राहतं. तिसऱ्या आठवड्यात तिसरा सेट. ठरल्यापेक्षा दोन वेळा जास्त, असं सलग दोन दिवस जमलं की वजन वाढवा, पायांना 5 किलो, हातांना 2.5. उड्या आठव्या आठवड्याच्या आधी नाहीत. त्याही पायरीवरून एका पायाने सावकाश उतरताना गुडघा आत पडत नसेल तरच, घोट्यातल्या छोट्या उड्या, दिवसाला वीस-पंचवीस. स्प्रिंटचं नाव वर्षभर काढू नका.

दांडिया बाजारात तुम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येईल: "आमच्या वेळी रोज शंभर बैठका मारायचो." जिथे व्यायामगुरू प्रो. माणिकराव आणि त्यांचं जुम्मादादा व्यायाममंदिर यांचं नाव घराघरात आहे, तिथे हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. बैठक हा उत्तम व्यायाम आहे, पण पूर्ण खाली, टाचा उचलून, झपाट्याने मारलेल्या शंभर बैठका पन्नाशीच्या बंद पडलेल्या गुडघ्यासाठी नाहीत. खुर्ची 45 वरून 40, मग 35 वर आणत आणत सहा महिन्यांत तिथवर नेऊ, असं सांगा. बडोदेकर काकांना शिस्त आवडते, घाई पटते असं नाही.

मुलं टिकली याचं आश्चर्य नाही. त्यांना तुमचा खेळ हवाय, आणि तुमचं खरं भांडवलही तिथेच आहे. मात्र काकांवर झाली ती चूक मुलांवर वेगळ्या वाटेने होते.

पहिली गोष्ट, फेऱ्या बंद. सामन्यात मिडफिल्डर दहा ते तेरा किलोमीटर कापतो खरा, पण तो सलग पळत नाही. चालतो, सुटतो, थांबतो, वळतो. मैदानाला दहा फेऱ्या मारून माणूस फेऱ्या मारण्यात तरबेज होतो. सुरुवातीची वीस मिनिटं फिफाच्या 11+ ला, म्हणजे दुखापती टाळणाऱ्या वॉर्म-अपला द्या: आठ मिनिटं धावण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद, उडी आणि तोल, दोन मिनिटं वेगाने धावणं. चौदाच्या पुढच्या मुलांना हा आहे तसा चालतो. आठवड्यातून किमान दोनदा, आणि मधला दहा मिनिटांचा भाग न गाळता. सगळे तोच गाळतात, कारण मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, आणि गुडघा वाचवणारा भाग तोच असतो. उडीनंतर दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकले तर मोजायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त फाटतो तो मांडीचा मागचा स्नायू. त्यावर नॉर्डिकइतका स्वस्त उपाय दुसरा नाही: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुकायचं. नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलंय. लोक करतात ती गफलत पहिल्याच दिवशी तीन सेट देण्याची. मुलं तीन दिवस लंगडतात आणि पुन्हा नाव काढत नाहीत. पहिला आठवडा एकच दिवस, 5 वेळा, दोन सेट. दुसरा आठवडा दोन दिवस, 6 वेळा, दोन सेट. तिसऱ्यापासून तीन सेट, आणि पुढे दहाव्या आठवड्यापर्यंत चढत, तीन सेटांत 12, 10, 8 वेळा. सामने सुरू झाले की आठवड्यातून एकदा, आणि सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत कधीच नाही.

भिंतीवर मोजपट्टी चिकटवा आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलांची उंची अनवाणी मोजा. महिन्याला 6 मिलिमीटरच्या वर वाढ दिसली की उड्या आणि तीव्र धावणं निम्मं करा. या काळात हाडं पुढे पळतात, स्नायू मागे राहतात. गुडघ्याखालचा उंचवटा दुखणं, टाच दुखणं याच महिन्यांत येतं, आणि प्रशिक्षक त्याला आळस समजून आणखी पळवतो.

दम मोजायला यो-यो ही धावण्याची चाचणी घ्या, रिकव्हरी प्रकार, पहिली पातळी: 20 मीटर जाऊन परत, मग 10 सेकंद विश्रांती, सुरुवात ताशी 10 किलोमीटरने. दुसऱ्यांदा रेषेवर वेळेत पोचला नाही की थांबवायचं आणि एकूण मीटर लिहायचे. व्यावसायिक खेळाडू 2000 च्या पुढे जातात. मुलाची तुलना त्याच्याशी करू नका, मुलाच्या सहा आठवड्यांपूर्वीच्या आकड्याशी करा. दर वेळी तेच मैदान, तीच वेळ, तेच बूट, नाहीतर तुम्ही दम सोडून हवामान मोजाल.

शिवाय एक वही. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, दहापैकी किती कठीण गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. मंगळवारी 90 मिनिटं गुणिले 7 म्हणजे 630, गुरुवारी 60 गुणिले 5 म्हणजे 300, रविवारच्या सामन्याचे 95 गुणिले 9 म्हणजे 855. आठवडा झाला 1785. पुढचा आठवडा 2700 ला गेला तर तो दीडपट झाला. मग त्याची शाळेची स्पर्धा, कॉलनीतला सामना आणि तुमचा सराव एकाच आठवड्यात आलेत का ते बघा. गुजरातच्या खेल महाकुंभ स्पर्धांच्या दिवसांत हे हमखास होतं.

यो-यो चाचणी बनवणारे डेन्मार्कचे येन्स बांग्सबो स्वतः तिथल्या वरच्या श्रेणीत खेळलेले. पुढे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 2001 ते 2004 इटलीच्या युव्हेंटस क्लबचे सहायक प्रशिक्षक होते. उलट ब्राझीलला 1994 चा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक कार्लोस अल्बेर्तो पारेरा व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत. 1970 च्या विश्वविजेत्या संघात ते शारीरिक तयारी घेणाऱ्यांमध्ये होते. खेळलेला असणं ही मदत आहे, पात्रता नाही. तुमचं नाव ऐकून लोक पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या महिन्यात ते वहीमुळे येतात.

बडोद्यात राहून गरब्याकडे दुर्लक्ष करणं मात्र वेडेपणा ठरेल. नऊ रात्री, तासन् तास, अनवाणी, पंजावर आणि गिरक्या घेत: पोटरीसाठी हा फुटबॉलच्या हंगामापेक्षा कमी नाही. जिमवाले दोन महिने वजन कमी करण्याची ऑफर लावतात, पोटरीचा विचार कोणी करत नाही. श्रावण लागला की आठ आठवडे हातात असतात, तेव्हा तुकडी घ्या. गणपती गेल्यावर येणाऱ्यांना सोळाच दिवस मिळतात, त्यांना सौम्य सराव द्या आणि तसं तोंडावर सांगा. पहिले दोन आठवडे दोन्ही टाचा उचलणं, 12 वेळा, तीन सेट, आणि गवतावर दहा मिनिटं अनवाणी चालणं. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात एकेका पायावर, 8 पासून 15 पर्यंत, जोडीला बाजूला टाकायची पावलं. शेवटचे तीन आठवडे प्रत्यक्ष गरब्याची पावलं, चार मिनिटं खेळून दोन मिनिटं थांबायचं, चार फेऱ्यांपासून आठपर्यंत. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता आली की पोटरी तयार. नडगीच्या हाडावर बोट ठेवून "इथेच दुखतं" असं कोणी म्हणालं तर खेळणं बंद आणि डॉक्टर, कारण हाडाला तडा असू शकतो. आणि 2023 च्या नवरात्रीत गुजरातेत गरबा खेळताना हृदयविकाराने माणसं गेल्याच्या बातम्या आठवा. चाळिशीच्या पुढच्यांचा रक्तदाब आणि ती सात प्रश्नांची यादी इथेही सुटायची नाही.

मे महिन्यात सत्र सहाला सुरू, साडेसातला बंद. आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला, त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, मिठासकट, ताक-मीठ उत्तम. कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला तर गाडीची वाट बघू नका, तिथेच अंगावर पाणी ओतून, बर्फ लावून गार करा, दवाखाना त्यानंतर. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते, पाय अडकतो आणि गुडघा फिरतो. त्या दिवशी वळणाचे सराव रद्द.

आता जिम. मित्राच्या कागदावर महिन्याचा खर्च 1,60,000 आहे आणि फी 1,200, म्हणजे खर्च भागायला 134 जणांनी दर महिन्याला पैसे भरायला हवेत. पण त्याच कागदावर खाली वर्षाची 9,000 ची ऑफर आहे. ती महिन्याला 750 पडते. सगळ्यांनी तीच घेतली तर आकडा 214 होतो, आणि पैसे पहिल्याच महिन्यात खर्च होऊन उरलेले अकरा महिने भाडं अंगावर येतं. दिवाळीनंतर बडोद्यातल्या जिम कशा दिसतात ते संध्याकाळी सात वाजता जाऊन मोजा. आमच्या मते सहा लाख यात घालू नका. त्यातले एखाद्या वर्षाचे घरखर्चाचे बाजूला ठेवा, परीक्षांना लागतील ते वेगळे काढा. केटलबेल, पट्टे, शंकू, वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र यांत बाहेरची तुकडी चालते.

अलकापुरीची नोकरी घ्या, पण संध्याकाळची पाळी मागा आणि सकाळी सहा ते साडेआठ स्वतःकडे ठेवा. पंधरा हजार कमी आहेत हे खरं. पण तिथे सहा महिन्यांत तुम्हाला दोनेकशे अनोळखी शरीरं बघायला मिळतील: बाळंतपणानंतरच्या बायका, कंबर धरलेले बँकवाले, मधुमेही. ड्रेसिंग रूममध्ये अकरा वर्षांत तुम्ही एकाच प्रकारची माणसं पाहिलीत. एकच अट आधी बोलून घ्या, सप्लिमेंटचे डबे विकायचं टार्गेट नको. स्पर्धेत खेळणाऱ्या मुलाच्या लघवीत बंदी असलेलं काही सापडलं तर डब्यावर ते लिहिलेलं नव्हतं ही सबब चालत नाही, आणि डोपिंगचे नियम मुलाइतकेच त्याला डबा देणाऱ्या प्रशिक्षकालाही लागू आहेत. प्रथिनं घरातून येऊ द्या: 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम, 30 ग्रॅम सोयाबीन वडीत 15, एका अंड्यात 6, पाव लिटर दुधात 8. सेव-उसळ सामन्यानंतर.

कोर्सचा क्रम. सर्वांत आधी प्रथमोपचार आणि सीपीआर, याच महिन्यात. मग एआयएफएफची (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची) प्रशिक्षक परवान्याची शिडी खालून चढायला घ्या, मुलांसोबत अधिकृतपणे काम करायला ती लागते; एएफसीचा (आशियाई फुटबॉल महासंघाचा) फिटनेस प्रशिक्षकांचा वेगळा अभ्यासक्रमही आहे, पहिल्या पातळीपासून. नोकरीतून अनुभव आला की एनएससीए या अमेरिकन संस्थेचं सीएससीएस, म्हणजे ताकद आणि तयारी घेणाऱ्या प्रशिक्षकांचं प्रमाणपत्र. त्याला पदवी लागते; तुमची बी.कॉम. चालते का ते आधी विचारून घ्या. पेपर दोन: शास्त्राचा 95 प्रश्नांचा, दीड तास, प्रत्यक्ष कामाचा 125 प्रश्नांचा, अडीच तास. दोन्हींत 70 चा स्केल्ड स्कोअर हवा. इंग्रजीतली शरीररचना वाचायला पदवीनंतर बरीच वर्षं झालेल्या माणसाला आठ-दहा महिने धरा, रोज एक तास. पूर्णवेळ शिकायचं असेल तर पतियाळाची एनआयएस ही राष्ट्रीय क्रीडा संस्था, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था, आणि घराजवळ, बडोदे जिल्ह्यातच, डेसरला स्वर्णिम गुजरात क्रीडा विद्यापीठ आहे. वीकेंडला दोन दिवसांत मिळणारी चकचकीत प्रमाणपत्रं भिंतीला शोभतात, तेवढंच.

तुकडी चार जणांची ठेवा. तीन तुकड्या, माणशी अडीच हजार धरले तर तीस हजार होतात. फी महिन्याच्या सुरुवातीला, पावती देऊन. गैरहजेरीचे पैसे परत नाहीत, पण डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर दिवस पुढे ढकलायचे. काकांचे उरलेले पैसे मात्र न मागता परत करा.

शेवटी तुमचा स्वतःचा गुडघा, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. तीन तुकड्यांना रोज उड्या आणि वळणं करून दाखवाल, तीही थंड अंगाने, बोलता बोलता, तर तो ऑपरेशनचा पाय वर्षभरात बोलायला लागेल. प्रत्येक हालचाल एकदाच दाखवा, पुढे पंधरा वर्षांच्या मुलाला दाखवायला सांगा. त्याला अभिमान वाटतो आणि तुम्हाला बाजूने बघता येतं. आठवड्यातून दोन दिवस स्वतःचा व्यायाम राखून ठेवा. जिममध्ये लेग प्रेसवर एकेका पायाने किती जमतं ते मोजा आणि डावा पाय उजव्याच्या 90 टक्क्यांच्या खाली असेल तर तो भरून निघेपर्यंत उड्या दाखवणं बंद. आणि जेवण कमी करा, सराव निम्म्यावर आलाय आणि भूक अजून क्लबातलीच आहे.